नऊ दाबू नका, १९०९ वर कळवा

फोन वाजतो. तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग बारीकसा ‘टक्’ आवाज येतो आणि कुणीतरी घाईघाईत विचारतं, ‘सर, पर्सनल लोन चाहिए क्या?’ कधी माणूसही नसतो. आधीच ध्वनिमुद्रित केलेला आवाज बोलत सुटतो आणि ‘अधिक माहितीसाठी एक दाबा’ असं सांगतो. कधी तेवढंही होत नाही, फोन नुसताच कट होतो.

मधली ती शांतता यंत्राची असते. ऑटो डायलर नावाची प्रणाली एकाच वेळी शेकडो नंबर फिरवते. बरेच जण फोन उचलणार नाहीत हे गृहीत धरून ती कॉल सेंटरमध्ये बसलेल्या माणसांपेक्षा जास्तच फोन लावते. ज्याने उचलला त्याला मोकळ्या माणसाशी जोडून देते, म्हणून ते दोन-तीन सेकंद जातात. मोकळं कुणीच नसलं की फोन तुटतो. तुम्ही मात्र ‘कुणाचा होता बरं?’ म्हणत उलटा फोन लावत बसता.

यात यंत्राचं काम वाया जात नाही. नंबर चालू आहे, फोन उचलला जातो, माणूस किती वेळ ऐकतो, कोणतं बटण दाबतो, हे सगळं नोंदलं जातं. ज्या नंबरावरून प्रतिसाद मिळतो तो पुढच्या यादीत टिकतो. म्हणून चिडून दोन शिव्या हासडल्याने समाधान मिळत असलं, तरी यंत्राच्या हिशेबात तुम्ही ‘उचलणारे गिऱ्हाईक’ ठरता.

आपल्यापैकी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर वैतागून फोन ठेवतात, नाहीतर नंबर ब्लॉक करतात. ब्लॉक करणं म्हणजे अंगावरचा डास मारणं. डबकं तसंच राहतं आणि संध्याकाळी नवे डास येतात. डबक्यापर्यंत पोचायचं तर तक्रारीचा रस्ता धरावा लागतो. तो आता पूर्वीइतका लांबचा राहिलेला नाही.

आधी फोन ओळखा

नको असलेले सगळे फोन एका जातीचे नसतात. कुणाचा आहे यावर पुढे काय करायचं ते ठरतं.

नंबर १४० ने सुरू होत असेल तर तो नोंदणीकृत टेलिमार्केटरचा जाहिरातीचा फोन. या मालिकेचा उपयोगच तो: उचलण्याआधी तुम्हाला कळावं. १६०० ने सुरू होणारे नंबर बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या सेवाविषयक फोनसाठी राखून ठेवलेले आहेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्रायने, व्यापारी बँकांना या मालिकेवर येण्यासाठी १ जानेवारी २०२६ ही मुदत घालून दिली होती. त्यामुळे बँकेच्या नावाने साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन आला, तर आता संशय घ्यायला आणखी एक कारण आहे. मात्र १६०० दिसलं म्हणून ओटीपी सांगून टाकायचा नाही. ओटीपी कोणत्याच नंबरावर सांगायचा नसतो.

खरा त्रास असतो तो साध्या दहा आकडी नंबरांवरून होणाऱ्या जाहिरातीचा. हे लोक टेलिमार्केटर म्हणून नोंदणी करत नाहीत. साधी सिमकार्डं किंवा कार्यालयांसाठीच्या एसआयपी, पीआरआय अशा एकाच वेळी अनेक फोन लावता येणाऱ्या लाइन घेतात आणि त्यावर यंत्र बसवतात. एक नंबर बंद पडला की दुसरा हजर.

चौथी जात भामट्यांची. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर सांगतो, कारण तिथे फक्त वेळ नाही, पैसाही जातो.

पाचवी जात निवडणुकीच्या हंगामात उगवते: ‘नमस्कार, मी तुमचा उमेदवार बोलतोय…’ या ध्वनिमुद्रित फोनना ट्रायचे नियम लागू होत नाहीत, कारण ते नियम व्यापारी संपर्कापुरते आहेत. प्रचाराच्या अशा ध्वनिसंदेशांना निवडणूक यंत्रणेच्या समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यावं लागतं. आक्षेपार्ह काही ऐकलंत तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर किंवा जिल्हा निवडणूक कार्यालयात कळवा.

फोन चालू असताना

यंत्राचा आवाज आहे हे कळलं की काही न बोलता फोन ठेवा. ‘यादीतून नाव काढण्यासाठी दोन दाबा’ असं सांगितलं तरी अनोळखी नंबरावर काहीही दाबू नका. प्रामाणिक कंपनी असेल तर नाव काढण्याचे दुसरे रस्ते असतात. भामटा असेल तर दोन दाबल्यावर तुम्ही थेट त्याच्याच माणसाशी बोलू लागता.

अनोळखी परदेशी नंबराचा मिस्ड कॉल दिसला तर उलटा फोन लावू नका. काही नंबर असे असतात की तिथे फोन लावणाऱ्याच्या खिशातून महागड्या दराने पैसे जातात. एक रिंग देऊन फोन ठेवायचा आणि तुमच्या उत्सुकतेवर कमाई करायची, एवढाच त्यांचा धंदा.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. नुसता फोन उचलल्याने किंवा ‘हो’ म्हटल्याने बँक खातं रिकामं होत नाही. पैसे जातात ते तुम्ही पुढे काहीतरी केल्यावर: ओटीपी सांगितला, पिन टाकला, पाठवलेलं अॅप उतरवून घेतलं, आलेला फोन दुसऱ्या फोनला जोडला, किंवा सांगितलेला तारा-हॅशवाला कोड डायल केला. त्या कोडने तुमचे फोन आणि फोनवर येणारे ओटीपी दुसऱ्याच्या नंबरावर वळवले जाऊ शकतात. हा प्रकार इतका वाढला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# सारख्या कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तुमचे फोन कुठे वळवले गेल्याची शंका आली तर ##००२# डायल करा. सगळी वळणं रद्द होतात.

१९०९: नोंदणी कशी करायची

नको असलेल्या जाहिरातींविरुद्धची यादी आपल्याकडे २००७ च्या नियमांतून आली आणि २०११ मध्ये तिचं रूप बदललं. सध्याचे नियम २०१८ चे आहेत. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांत मोठ्या सुधारणा झाल्या. बोलताना सगळे या यादीला ‘डीएनडी’ म्हणतात.

नोंदणी फुकट आहे. तुमच्या मोबाइलवरून १९०९ ला फोन लावा, किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य, असा एसएमएस १९०९ वर पाठवा. सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद करण्याचा हा मार्ग. ट्रायचं डीएनडी अॅप आणि तुमच्या मोबाइल कंपनीचं अॅप यांतूनही हेच करता येतं. अॅपमध्ये एक फायदा असा की निवड बारकाईने करता येते. बँकिंग-विमा-कर्ज, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, दूरसंचार-मनोरंजन, पर्यटन, खाद्यपेय अशा आठ वर्गांतलं हवं ते चालू ठेवता येतं. ठाण्यात फ्लॅट शोधणाऱ्याला घरांच्या जाहिराती हव्या असतील आणि कर्जाच्या नको असतील, तर तशी सोय आहे. यंत्राने लावलेले आणि ध्वनिमुद्रित फोन वेगळे बंद करता येतात. कोणत्या वारी आणि कोणत्या वेळेत जाहिरात चालेल, हेही सांगता येतं.

नोंदणीने काय थांबत नाही, तेही माहीत असू द्या. बँकेचे व्यवहाराचे संदेश, गॅस बुकिंग, डिलिव्हरीवाल्याचा फोन, सरकारी सूचना हे चालूच राहतात, आणि राहायलाच हवेत. तुम्ही एखाद्या कंपनीला स्वतः परवानगी दिली असेल, तर तिची जाहिरातही येते. ही परवानगी आपण कधी दिली ते आठवत नाही, कारण ती अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरातल्या चौकटीत असते. ती मागे घेता येते. एकदा नकार दिल्यावर त्या कंपनीने ९० दिवस पुन्हा परवानगी मागायची नाही, असं २०२५ च्या सुधारणेत आहे.

तक्रार: पाच जणांचं बळ

डीएनडी करूनही फोन येतात, मग उपयोग काय, असं लोक विचारतात. उपयोग होतो तो तक्रार केल्यावर. इथेच २०२५ च्या सुधारणांनी ग्राहकाचा हात बळकट केला आहे.

पूर्वी फोन आल्यापासून तीन दिवसांत तक्रार करावी लागे. आता सात दिवस मिळतात. बिगरनोंदणीच्या नंबराविरुद्ध तक्रार करायला तुमची डीएनडी नोंदणी असलीच पाहिजे, अशी अट उरलेली नाही. पूर्वी मोबाइल कंपनीला कारवाईसाठी तीस दिवस असत. आता पाच आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पूर्वी एका नंबराविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी जमल्या की कारवाई सुरू होई. आता दहा दिवसांत पाच पुरतात. जो नंबर दिवसभरात शेकडो लोकांना छळतो, त्याच्याविरुद्ध पाच माणसं मिळायला कितीसा वेळ लागेल? ती पाच मिळत नाहीत, कारण बाकीचे ‘कोण करत बसणार’ म्हणून ब्लॉक करून मोकळे होतात.

तक्रार करायला दोन मिनिटं लागतात. चार गोष्टी हव्यात: तुमचा नंबर, फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि फोन कशाबद्दल होता ते एका ओळीत. तुमचा नंबर आपोआप जातो. बाकीचं १९०९ वर एसएमएसने किंवा अॅपमधून पाठवा. मजकूर असा सरळ असावा: ‘ध्वनिमुद्रित आवाजात पाच लाखांच्या वैयक्तिक कर्जाची जाहिरात’, मग स्वल्पविराम, दहा आकडी नंबर, पुन्हा स्वल्पविराम आणि तारीख. एसएमएस इंग्रजी अक्षरांत लिहिलेला बरा. अॅपमध्ये कॉलच्या यादीतून थेट नंबर निवडता येतो, त्यामुळे आकडा चुकण्याचा प्रश्न येत नाही.

‘त्रास देतात’, ‘फ्रॉड आहे’ एवढंच लिहिलं तर जाहिरात कशाची होती हे कळत नाही. कोणतं उत्पादन, कोणतं नाव घेतलं, बोलणारा माणूस होता की यंत्र, ते लिहा. नंबर ब्लॉक करायचा असेल तर तक्रारीनंतर करा. उत्तरात तक्रार क्रमांक येतो, तो जपून ठेवा. कंपनीने योग्य दखल घेतली नाही असं वाटलं, तर त्याच क्रमांकाच्या आधारे तिच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.

कारवाई काय होते? पहिल्या खेपेला दोषी ठरलेल्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद. पुन्हा तेच केलं तर त्याच्या नावावरची सगळी जोडणी वर्षभरासाठी सर्व कंपन्यांकडून तोडली जाते. यात त्या पीआरआय आणि एसआयपी लाइनही आल्या. तक्रारींचे आकडे खोटे किंवा कमी दाखवणाऱ्या मोबाइल कंपनीलाही पहिल्यांदा दोन लाख, दुसऱ्यांदा पाच लाख आणि त्यापुढे प्रत्येक वेळी दहा लाख रुपये दंड आहे.

हे कागदावरच राहत नाही. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत बिगरनोंदणीच्या टेलिमार्केटरविरुद्ध ७ लाख ९० हजारांहून जास्त तक्रारी आल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये ट्रायने कंपन्यांना कडक आदेश दिले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पावणेतीन लाखांवर जोडण्या तोडल्या गेल्या, पन्नासहून जास्त संस्था काळ्या यादीत गेल्या. फोन पूर्ण थांबले असा दावा कुणीच करणार नाही. पण या कारवाईला तक्रारींचाच आधार होता.

‘नऊ दाबा’ म्हणणारा आवाज

आता भामटे. त्यांचा एक फोन टप्प्याटप्प्याने पाहू, कारण नाटक जवळपास एकच असतं.

ध्वनिमुद्रित आवाज गंभीर स्वरात हिंदी किंवा इंग्रजीत सांगतो: ‘तुमच्या नंबरावरून बेकायदा कामं झाल्याने दोन तासांत तो बंद करण्यात येईल. अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी नऊ दाबा.’ नाव ट्रायचं किंवा दूरसंचार विभागाचं घेतलेलं असतं. नऊ दाबलं की ‘अधिकारी’ येतो. तो आधार क्रमांक विचारतो, मग म्हणतो की तुमच्या नावाने मुंबईत आणखी एक सिम निघालंय आणि त्यावर गुन्हा दाखल आहे. फोन ‘पोलिसांकडे’ जोडला जातो. तिथून व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. ‘घरात कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.’ शेवटी ‘पैसे तपासणीसाठी या खात्यात ठेवा, परत मिळतील.’

यातली एकही गोष्ट खरी नसते. ट्राय कुणाचाही नंबर बंद करत नाही आणि त्यासाठी फोनही करत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, कस्टम्स व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि तपासासाठी पैसे कुणाच्या खात्यात ठेवायला सांगत नाहीत. हे सगळं माहीत असणारा माणूसही फसतो, कारण विचार करायला सवडच मिळू नये अशीच सगळी रचना असते. म्हणून घाई लावणारा फोन आला की तो ठेवायचा आणि घरातल्या एकाला तरी सांगायचं. गुप्तता मोडली की नाटक कोसळतं.

फोन +९१ ने सुरू होतो म्हणजे तो भारतातूनच आला, असंही समजू नका. परदेशातून फोन करून भारतीय नंबर दाखवता येतो. असे फोन वाटेत अडवणारी यंत्रणा केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले गेले.

फसवणुकीचा फोन आला, पण पैसे गेले नाहीत, तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर किंवा अॅपवर ‘चक्षू’ नावाच्या विभागात कळवा. मागच्या तीस दिवसांतल्या फोनबद्दल तिथे सांगता येतं. त्याच ठिकाणी तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हेही बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच नोंदवा.

पैसे गेले असतील तर ‘चक्षू’ नव्हे, तडक १९३०. हा राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनचा नंबर. मागोमाग बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, त्यामुळे पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर ते वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून रात्र घालवली की ती शक्यता झपाट्याने घटते.

दुसऱ्याच्या कर्जाचे फोन

अलीकडे आणखी एक त्रास वाढला आहे. मित्राने, शेजाऱ्याने किंवा जुन्या सहकाऱ्याने कर्ज काढलं, आणि वसुलीचे यंत्रफोन तुम्हाला येतात. तुम्ही जामीनदार नसाल तर तुमच्यावर कोणतीही जबाबदारी नाही, हे पहिल्याच फोनला स्पष्ट सांगा. कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव विचारा आणि तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार वसुली एजंटांनी कर्जदारालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. कर्जाच्या अॅपना ग्राहकाच्या संपर्कयादीत शिरायची परवानगी नाही, असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. संस्थेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

फोनमधल्या सोयी, आणि त्यांची किंमत

आयफोनमध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये संशयित स्पॅम ओळखण्याची. व्हॉट्सअॅपमध्येही अनोळखी फोन गप्प करता येतात. निवृत्त आई-वडिलांच्या फोनवर या सोयी जरूर चालू करा. पण ज्याचं पोटच अनोळखी फोनवर चालतं, म्हणजे इलेक्ट्रिशियन, विमा एजंट, घरगुती डबे देणारी ताई, त्याने सगळेच अनोळखी नंबर गप्प केले तर धंदा बसेल. त्यांच्यासाठी स्पॅमची सूचना देणारी सोय बरी. घरातलं कुणी हॉस्पिटलमध्ये असेल तरीही अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय तात्पुरती बंद ठेवा. डॉक्टरांचा फोन अनोळखी नंबरावरूनच येतो.

फोन करणाऱ्याचं नाव सांगणारी खासगी अॅप उपयोगी आहेत, पण फुकट नाहीत. ती तुमच्याबद्दलची माहिती गोळा करतात. काय काय परवानगी मागतात ते वाचून मगच ‘अलाऊ’ दाबा.

आपला नंबर बाहेर पडतो तो मुख्यतः आपल्याच हातून: मॉलमधल्या लकी ड्रॉची चिठ्ठी, कपड्यांच्या दुकानात बिल करताना विचारलेला नंबर, गृहप्रदर्शनातली नोंदवही, कर्जाचा हप्ता काढून देणारी वेबसाइट. दुकानात ‘नंबर द्यायचा नाही’ म्हटलं तरी बिल मिळतं, एवढं लक्षात ठेवा. द्यावाच लागला तर जाहिरातीच्या परवानगीची खूण काढून टाका.

आई-वडिलांना हे सगळं एका दमात सांगू नका, त्यांना भीतीच वाटेल. तीनच गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवा: बटण दाबायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही, घाई करणारा फोन ठेवून आधी मुलाला किंवा मुलीला लावायचा. खाली १९०९ आणि १९३० हे दोन नंबर.

आणि तुम्ही आज एवढं करा. कॉलच्या यादीत मागच्या सात दिवसांतला कर्जाचा किंवा प्लॉटचा एक तरी फोन सापडेल. तो ब्लॉक करण्याआधी त्याची तक्रार १९०९ वर करा आणि घरातल्या, सोसायटीतल्या ज्यांना तोच नंबर आला असेल त्यांनाही करायला सांगा. पाच जण लागतात. त्यातले एक तुम्ही व्हा.